घोरपडीच्या बाईंना, शाल देताना जे कोणीच बोललं नाही ते

बाई, सलाम.

परवाच्या निरोपाच्या कार्यक्रमात तुम्हाला शाल दिली, बुके दिला, भिंतीवरचं घड्याळ पण दिलं (तुम्ही ते कुठे लावणार देव जाणे, हॉलमध्ये आधीचीच बंद पडलेली आहेत), भाषणं झाली, फोटो झाले, कोणी तुमच्या आवाजाचं कौतुक केलं, कोणी नाताळच्या करंज्यांचं, पण शुक्रवारच्या बायबल स्टडीत तुम्ही आम्हाला जे वाट्टेल ते प्रश्न विचारू दिलेत त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. मला माईक दिला असता तर मी रडत बसले असते म्हणून इथे लिहितेय, सगळ्यांसमोर. तुम्ही फेसबुकवर नाही पण तुमची सून आहे, ती वाचून दाखवेल. वाच गं सगळं, मधलं गाळू नकोस.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, बाई म्हणजे शाळेतून रिटायर झालेल्या गणिताच्या बाई, घोरपडीत रेल्वे गेटच्या पलीकडे राहतात, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळी गेट पडलं की अर्धी बायबल स्टडी अलीकडे आणि अर्धी पलीकडे अशी आमची गत. थिऑलॉजीची डिग्री वगैरे काही नाही. खाकी कव्हर घातलेलं पवित्र शास्त्र, त्याला लाल पेन चालत नाही, फक्त पेन्सिल. आणि कोणी काही विचारलं की पहिलं वाक्य ठरलेलं, "आधीचा अध्याय कोणी वाचलाय?"

आता मूळ गोष्ट. माझी आई आजारी होती तेव्हाची.

आईचा कॅन्सर शेवटच्या स्टेजला होता, आम्ही तिला घरी आणलं होतं, आणि एक प्रार्थना ग्रुप यायचा घरी. मंडळी प्रेमाने यायची, ते मी नाकारत नाही, पण एक दिवस त्यातले एक जण आईच्या उशाशी बसून म्हणाले की बहिणी, देवाने बरं करायचं वचन दिलंय, मग अडतंय कुठे, तर तुमचा विश्वास कमी पडतोय. आणि गेले चहा पिऊन. आई त्या रात्री झोपली नाही. मला म्हणाली, मी कुठे कमी पडले गं? संडे स्कूलपासून देवळात गेलेली बाई, आयुष्यभर एक उपासना चुकवली नाही, आणि ती मरताना हा हिशोब करत बसली होती. मला आजही ते आठवलं की डोक्यात तिडीक जाते.

दुसऱ्या दिवशी तुम्हाला फोन केला. तुम्ही आलात, आधी स्वयंपाकघरात जाऊन पेज टाकलीत, आईला चार चमचे भरवलेत, आणि मग खाकी कव्हर उघडलंत. मला वाटलं स्तोत्र २३ वाचणार, सगळे तेच वाचतात. तुम्ही काढलंत तीमथ्याला दुसरं पत्र, शेवटचा अध्याय, विसावं वचन, आणि आईलाच वाचायला लावलंत. पौल, म्हणजे येशूचा प्रेषित, लिहितोय की त्याचा सोबती त्रफिम आजारी होता, त्याला मी मिलेतात ठेवून आलो. आईने वाचलं, चष्मा वर केला आणि म्हणाली, "आजारीच ठेवून आला?" तुम्ही म्हणालात, "हो ना. आणि हा त्रफिम कुठला माहितेय का, इफिसचा. ज्या इफिसात पौलाच्या अंगावरचे रुमाल नेऊन आजाऱ्यांवर ठेवले की ते बरे व्हायचे, त्याच गावचा." मग एकेक करत तीमथ्याचं पोट काढलंत, ज्याला पौल थोडा द्राक्षारस घे म्हणतो, प्रार्थना वाढव म्हणत नाही. एपफ्रदीत काढलात, पौलाचा सहकारी, जो मरता मरता वाचला. आणि खुद्द पौलाच्या शरीरातला काटा, ज्याच्यासाठी त्याने तीनदा विनंती केली आणि उत्तर आलं की माझी कृपा तुला पुरे. आता पौलाचा विश्वास कमी पडला असं म्हणायची कोणाची टाप आहे?

पण मला सगळ्यात जास्त काय आवडलं सांगू, तुम्ही याकोबाचं पत्र टाळलं नाहीत. त्या माणसाने तेच वचन वापरलं होतं, पाचव्या अध्यायातलं, विश्वासाची प्रार्थना दुखणाइताला वाचवील वगैरे. दुसरं कोणी असतं तर ते वचन हळूच बाजूला ठेवलं असतं. तुम्ही ते पण आईला वाचायला लावलंत आणि विचारलंत, इथे प्रार्थना कोण करतंय? मंडळीच्या वडिलांना, म्हणजे चर्चमधल्या जाणत्या पुढाऱ्यांना बोलवा, त्यांनी तेल लावावं, त्यांनी प्रार्थना करावी. आजारी माणसाचं काम फक्त बोलावणं पाठवायचं. "म्हणजे विश्वासाची प्रार्थना करायची त्या लोकांनी, आणि हिशोब मागतात पेशंटकडे. उद्या परत आले तर विचार त्यांना." आई हसली. खरंच हसली, खोकला येईपर्यंत. त्यानंतर ती महिनाभरच होती पण तो प्रश्न तिने परत काढला नाही, रात्री झोपायची. बाई, बाकी सगळं एका बाजूला, या एका दुपारसाठी मी तुमची जन्माची ऋणी आहे.

मग आमचे चिरंजीव. बारावीनंतर कॉलेजात गेला आणि मित्रांनी पिडायला सुरुवात केली, तुमचे देव तीन का एक, एकदा काय ते ठरवा. मी त्याला आम्हाला लहानपणी शिकवलेलं सांगितलं, पाणी, बर्फ आणि वाफ, वस्तू एकच रूपं तीन. तो तुमच्याकडे येऊन तेच बोलला तर तुम्ही म्हणालात, "अरे हे तर मंडळीने तिसऱ्या शतकातच नापास केलंय." सबेल्लियस नावाचा कोणी होता, त्याची शिकवण साधारण हीच, एकच देव वेगवेगळी रूपं घेतो. मग तुम्ही त्याला मत्तयाचा तिसरा अध्याय दाखवलात, येशू पाण्यातून वर येतोय, आत्मा कबुतरासारखा उतरतोय आणि वरून बापाची वाणी होतेय, तिघं एकाच वेळी, मग रूप बदलतंय कोण? तो गप्प. आणि त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, हा शब्द अख्ख्या शास्त्रात कुठेच नाही हे पण तुम्हीच सांगून टाकलंत. एवढे बिशप ३२५ साली निकियाला जमून भांडले तेव्हा कुठे पुत्र बापासारखाच पूर्ण देव आहे हे शब्दांत बसवता आलं, आणि पवित्र आत्म्याबद्दलचं तर ३८१ पर्यंत चाललं, तर तुला एका सेमिस्टरमध्ये कळायला पाहिजे असं काही नाही.

त्याला खरा धीर आला तो रमाबाईंच्या गोष्टीने. पंडिता रमाबाई आमच्यासाठी केडगावच्या मुक्ती मिशनच्या, फोटोतल्या, पांढऱ्या साडीतल्या, म्हणजे जणू जन्मापासूनच संत. तुम्ही सांगितलंत की १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा घेतल्यावरसुद्धा त्या तिथल्या सिस्टर जेराल्डिनशी पत्रातून कडाकडा वाद घालत होत्या, त्रैक्यावर, अथनेशियसच्या मतांगीकारावर (म्हणजे चर्चमध्ये म्हणतात त्या विश्वासाच्या कबुलीवर), मला हे शास्त्रात दाखवा म्हणून. आणि हीच बाई पुढे हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणते. पोरगा म्हणाला, म्हणजे प्रश्न विचारला म्हणून त्यांना कोणी काढून टाकलं नाही तर. तुम्ही म्हणालात काढलं नाही पण त्रास दिला. हे पण खरं खरं सांगितलंत.

बाप्तिस्म्याचा घोळ मी इथे लिहीत नाही, लहानपणी झालेला चालतो का परत घ्यायचा, त्यावर आमच्या घरात नणंदेशी जे झालं ते घरातच राहू दे. तुम्ही एवढंच म्हणाला होतात की १९७० ला सहा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं तेव्हा त्यात बाप्टिस्ट पण होते आणि बाळांना बाप्तिस्मा देणारे पण होते, आणि दोन्ही पद्धती ठेवल्या, मग एका डायनिंग टेबलावर दोघी का नाही बसू शकत. बसतो आता. विषय काढत नाही.

दशांशाचं, म्हणजे कमाईचा दहावा भाग देवाला द्यायचा त्याचं, मात्र लिहिणार, कारण तेव्हा मला तुमची पद्धत कळली. आयटीतला एक मुलगा यायचा, चांगला पगार, त्याने विचारलं दशांश ग्रॉसवर काढायचा का नेटवर, पीएफ कापायच्या आधी का नंतर. आम्ही सगळे गंभीर चेहरे करून बसलो. तुम्ही त्याला जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकाचा चौदावा अध्याय वाचायला लावलात, जिथे लोक आपला दशांश घेऊन जातात आणि देवासमोर बसून स्वतःच कुटुंबासकट जेवतात, आणि दर तिसऱ्या वर्षी तो गावातल्या लेव्याला (देवळाची सेवा करणाऱ्या वंशातल्याला), परक्याला, पोरक्याला आणि विधवेला जातो. त्याला हे माहीतच नव्हतं, त्याला फक्त मलाखी माहीत होता (दशांश आणा म्हणणारा संदेष्टा मलाखी सगळ्यांना माहीत असतो, दानाच्या पाकिटावर छापलेला असतो). मग तुम्ही विचारलंत, तुझ्याकडे भांडी घासायला येतात त्या मावशींना नाताळचा बोनस दिलास का रे? पीएफचा प्रश्न तिथेच संपला.

आणि पुढच्याच आठवड्यात एका ताईंनी, नवरा गेलेला, दोन पोरं, शिवणकाम करून चालवतात, हाच प्रश्न विचारला की दहावा भाग निघत नाही, उसने घेऊन देऊ का. मला वाटलं तेच उत्तर येणार. तर नाही. तुम्ही त्यांना करिंथकरांस दुसरं पत्र काढून दिलंत, माणसाजवळ जे आहे त्याप्रमाणे ते मान्य होतं, जे नाही त्याप्रमाणे नाही. कोणीतरी मध्ये बोललंच, पण मार्काच्या शुभवर्तमानातल्या विधवेच्या दोन टोल्या, म्हणजे दोन छोटी नाणी? ती तर दानपेटीत सगळंच टाकून गेली. तुमचं ठरलेलं, "आधीची ओळ वाचली का?" आधीच्या ओळीत येशू शास्त्र्यांना झापतोय की ते विधवांची घरं गिळंकृत करतात. आणि लगेच एक विधवा येऊन शेवटचे पैसे टाकते. मार्काने हे शेजारी शेजारी उगाच ठेवलेलं नाही म्हणालात. प्रश्न तोच, पुस्तक तेच, पण कोण विचारतंय आणि घरी जाऊन त्या उत्तराचं काय करणार हे तुम्ही आधी बघायचात. हे कुठल्या गाईडमध्ये मिळत नाही.

मोदकांचं पण तसंच. पुण्यात राहायचं आणि गणपतीत हा प्रश्न पडणार नाही असा ख्रिस्ती माणूस दाखवा. आमच्या शेजारच्या काकू दरवर्षी उकडीचे मोदक आणतात, क्रोशाच्या रुमालाखाली झाकून, वर तुपाची वाटी वेगळी. काही जण म्हणणार मूर्तीला दाखवलेलं घ्यायचंच नाही, दारातूनच परत पाठवा. मी तुम्हाला विचारलं तर तुमचा उलटा प्रश्न, "देताना काकू काय म्हणाल्या? प्रसाद आहे म्हणाल्या का गरम आहेत म्हणाल्या?" मला कळेचना याचा काय संबंध. मग तुम्ही करिंथकरांस पहिलं पत्र, दहावा अध्याय उघडलात. पौल म्हणतो बाजारात मिळतं ते चौकशी न करता खा, कोणी जेवायला बोलावलं तर वाढतील ते खा, पण समोरच्याने मुद्दाम सांगितलं की हे अर्पण केलेलं आहे, तर त्या सांगणाऱ्यासाठी खाऊ नका. म्हणजे मोदक तोच, पण मध्ये माणूस आला की उत्तर बदलतं. आमच्या स्टडीत एक मुलगी यायची, तिच्या माहेरी दहा दिवसांचा गणपती, ती नुकतीच विश्वासात आलेली, तिच्यासाठी तो नुसता खाऊ नव्हताच, तिला तुम्ही त्याच पत्राचा आठवा अध्याय, ज्याच्या मनाला अजून टोचतं त्याच्याबद्दलचा, दिलात आणि म्हणालात तू सध्या नको खाऊस, पण घरी जायचं थांबवू नकोस, आईला भाज्या चिरून दे, भांडी पूस. मला म्हणालात तू ठरव, मी तुझ्यावर लादणार नाही, मी स्वतः खात नाही. मी विचारलं मग तुम्ही तुमच्या शेजारणीला काय सांगता? "सरळ सांगितलं. आता ती नैवेद्य दाखवायच्या आधीच माझे चार बाजूला काढून ठेवते. आणि मी नाताळात तिला बिनअंड्याचा केक देते." हे ऐकून मी त्या वर्षी काकूंशी बोलले. काकू म्हणाल्या, अगं आधी सांगायचं ना, त्यात काय एवढं!

सगळ्याची उत्तरं तुमच्याकडे होती असं मी म्हणत नाही, तुम्हालाच ते आवडणार नाही. शास्त्यांच्या पुस्तकातला इफ्ताह, ज्याने नवस केला की घरातून जे पहिलं बाहेर येईल ते अर्पण करीन आणि त्याची एकुलती एक पोरगी डफ वाजवत बाहेर आली. माझ्या मुलाने विचारलं देवाने थांबवलं का नाही, अब्राहामाला तर मुलाचा बळी देताना थांबवलं होतं. कोणी म्हणतात तिला मारलं नाही, ती फक्त कुमारी राहिली. तुम्ही ते सांगितलंत, आणि मला पटत नाही असंही सांगितलंत. मग स्वतःहूनच इब्र्यांस पत्र काढलंत, अकरावा अध्याय, जिथे हाच इफ्ताह विश्वासवीरांच्या यादीत बसलाय, म्हणजे प्रश्न आणखी अवघड करून ठेवलात. आणि म्हणालात यावर माझं अजून पेन्सिलचं प्रश्नचिन्हच आहे. आम्ही वाकून बघितलं, खरंच होतं, मार्जिनमध्ये, खोडून खोडून परत काढलेलं.

असो. फार लांबलं. आता तुमच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, डॉक्टरांनी वाचायला मनाई केलीय आणि म्हणून तुम्ही स्टडी सोडताय असं कार्यक्रमात सांगितलं गेलं. ते काही आम्हाला मान्य नाही. वाचायला आमचा मुलगा येईल, त्याचे डोळे धड आहेत आणि त्याला करिंथकरांस पहिलं पत्र, पंधरावा अध्याय, एकोणतिसावं वचन कळत नाहीये, मेलेल्यांसाठी बाप्तिस्मा घेणारे ते लोक कोण होते म्हणतो. मी त्याला सांगितलंय की आधी अख्खा अध्याय वाचून ये. शुक्रवारी सात वाजता येतो, गेट पडलं तर सव्वासात. चहा टाकू नका, मी थर्मासमधून आणते.

तुमची,
तुमच्याकडे चप्पल कायम आतच काढणारी नगरवाली