पाऊण मात्रेचा एको

डब्लिन

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद. बँड जमवलात, फार आनंद झाला. स्वयंपाकघरात ड्रम मांडलाय ही वहिनींची तक्रारही पोचली. त्यांना सांग, यूटू या आयरिश रॉक बँडची पहिली तालीम याच गावात, स्वयंपाकघरातच झाली. सप्टेंबर १९७६ मध्ये १४ वर्षांच्या लॅरी म्युलनने माउंट टेंपल शाळेच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, आणि जमलेली पोरं त्याच्या आर्टेनमधल्या घरी गेली.

बँडचं पहिलं नाव होतं फीडबॅक, म्हणजे तू लिहितोस तीच शिट्टी. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, मोठा होऊन पुन्हा स्पीकरमधून येतो आणि हे चक्र थांबत नाही. गाण्याचे स्पीकर माइकच्या पुढे, तोंड श्रोत्यांकडे करून ठेवा. माइक ओठांपासून दोन बोटांवर धर, जाळी मुठीत झाकू नकोस. तरीही शिट्टी आलीच तर आधी गिटारच्या अँपचा, म्हणजे तिचा आवाज वाढवणाऱ्या स्पीकरच्या डब्याचा, आवाज कमी करा. तो जमिनीवर असला की गिटारवाल्याच्या पोटऱ्यांना ऐकू जातो, कानांना नाही, म्हणून तो आवाज वाढवत सुटतो. अँप खुर्चीवर ठेवून किंचित मागे कलवा, भांडण निम्मं मिटेल. छोट्या खोलीत ड्रमला माइक नकोच. ड्रमच्या आवाजाच्या मापाने बास गिटार, बासच्या मापाने गिटार लावायची आणि या सगळ्यावर गाणं ऐकू आलं पाहिजे. मोठ्या ड्रममध्ये एक घडी केलेली गोधडी घाला.

गिटारच्या एकोबद्दल विचारलंस. यूटूचा गिटारवाला एज, त्याचं वाजवणं तुला तबल्याच्या हिशोबानेच लवकर कळेल. मिनिटाला १२० मात्रा असतील तर एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, पाऊण मात्रा ३७५ ची. डिले, म्हणजे एको देणारं मशीन, ३७५ वर लाव, एको मूळ सुराहून जरासाच हलका ठेव आणि हाताने फक्त दुगुन, म्हणजे मात्रेला दोन सूर, वाजव. एको बरोबर मधल्या रिकाम्या जागांत पडतो आणि ऐकणाऱ्याला चौगुन, मात्रेला चार, ऐकू येते! लय १०० झाली तर आकडा ४५०. हे बिघडतं ते ड्रमवाला लयीत पुढे पळाला म्हणून: मशीन त्याच्यासाठी थांबत नाही, सगळा चिखल होतो. तेव्हा ड्रमवाल्याच्या कानात एकसारखे ठोके देणारा मेट्रोनोम हवाच. आणि डिस्टॉर्शन, म्हणजे गिटारचा मुद्दाम फाटवलेला आवाज, कमी ठेव, नाहीतर सुरांच्या कडा बुजतात.

कार्यक्रमांचं म्हणशील, तर १९७८ मध्ये आयर्लंडमधल्याच लिमरिक शहरातली स्पर्धा जिंकून यूटूला ५०० पाउंड आणि डेमो ध्वनिमुद्रणाची संधी मिळाली. पण माझ्या मते खरी वाढ झाली १९७९ मध्ये, इथल्या डँडेलियन मार्केट या बाजारात. अठराखालच्या पोरांना पबमध्ये प्रवेश नव्हता, आणि यांचे श्रोते त्याच वयाचे. म्हणून ते शनिवारी दुपारी बाजारात वाजवू लागले. आता तिथे सेंट स्टीफन्स ग्रीनचं शॉपिंग सेंटर उभं आहे. तुमचे श्रोते अकरावी-बारावीचे असतील तर रात्री नऊच्या कॅफेमागे लागू नका. सुटीच्या दुपारी सभागृह मागा, अर्धा तास, स्वतःची सहा गाणी. दर महिन्याला तीच जागा, तीच वेळ.

रेकॉर्डिंगची घाई नको. त्यांची पहिली तबकडी सप्टेंबर १९७९ मध्ये आली, शाळेतल्या चिठ्ठीनंतर तीन वर्षांनी: तीनच गाणी, फक्त आयर्लंडपुरती, मोठ्या आकाराच्या १००० क्रमांकित प्रती. मुख्य बाजूला कोणतं गाणं घ्यायचं हे रेडिओच्या श्रोत्यांनी मत देऊन ठरवलं. तुम्हीही आठ-दहा कार्यक्रम करा, लोक कुठल्या गाण्याला गप्प होतात ते बघा, तीच तीन निवडा.

माइकला ओठ लागला की झिणझिण्या येतात, हे तू पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंस. ते पहिलं लिहायला हवं होतंस. घरच्या सॉकेटला अर्थिंग नसेल, किंवा कुणीतरी तीन पिनांतली जाड पिन काढली असेल, तर गिटारच्या तारा आणि माइक यांच्यात वीज उतरते. यात माणूस दगावतो. दादाला सांगून वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, ईएलसीबी (वीज गळाली की पुरवठा तोडणारा स्विच) बसवा आणि अँप, मिक्सर एकाच सॉकेटवरून चालवा. ते होईपर्यंत तालीम विजेशिवाय.

तुझा,
काका