स्थानिक मालावर सेंद्रियचा शिक्का नको

महोदय,

शाहूपुरीत किराणा आणि भाजीचे दुकान चालवताना अलीकडे ग्राहकांच्या दोन मागण्या एकदमच येतात: माल सेंद्रिय हवा आणि तो आपल्याच जिल्ह्यातला हवा. दोन्ही रास्त आहेत. परंतु प्रत्येक जिन्नसाच्या बाबतीत त्या एकत्र पुऱ्या होत नाहीत. अशा वेळी दुकानदाराने कशाला झुकते माप द्यावे, याची चर्चा उघडपणे व्हावी, म्हणून हे पत्र.

ताज्या माळव्यात मी स्थानिक मालाच्या बाजूने आहे. मेथी, पोकळा, कोथिंबीर सकाळी काढून त्याच दिवशी विकली तरच तिला चव असते, आणि शिरोळ-करवीरच्या शेतकऱ्याला शेवटची फवारणी कधी केली, काढणीपर्यंत किती दिवस जाऊ दिले, हे समोरासमोर विचारता येते. दूरच्या शहरातून प्लास्टिकमध्ये गुंडाळून आलेली प्रमाणित पालेभाजी मला पटत नाही. तूरडाळीचे मात्र उलटे आहे. ती आपल्याकडे बहुतांशी विदर्भ-मराठवाड्यातूनच येते आणि टिकतेही. मग ती प्रमाणित सेंद्रिय का घेऊ नये?

सर्वाधिक गोंधळ गुळाबाबत आहे. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हे मानांकन माल कुठला आहे ते सांगते. ऊस किंवा भात रासायनिक खतांविना पिकवल्याची हमी त्यात नसते. शिवाय गुळाला पिवळाधमक रंग यावा म्हणून काही गुऱ्हाळांत हायड्रोस पावडर हे रंग उजळवणारे रसायन वापरले जाते, तर भेंडीच्या चिकाने मळी काढलेला, पावडर न घातलेला गूळ बहुधा गडद असतो आणि तोच ग्राहक बाजूला सारतात. रंगावरून भाव ठरवण्याची ही सवय सुटल्याशिवाय चांगल्या गुऱ्हाळवाल्याला न्याय मिळणार नाही.

कायद्यातील एक बारकावाही वाचकांनी ध्यानात घ्यावा. अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१७ च्या नियमांनुसार, वार्षिक उलाढाल १२ लाख रुपयांपर्यंत असलेल्या लहान उत्पादकाने स्वतः थेट ग्राहकाला माल विकल्यास त्याला प्रमाणपत्राची सक्ती नाही. तोच माल माझ्या फळीवर सेंद्रिय म्हणून ठेवायचा, तर एनपीओपी (केंद्राचा राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रम, ज्यात त्रयस्थ संस्था तपासणी करते) किंवा पीजीएस (शेतकरी गटाच्या परस्पर हमीची पद्धत) यांपैकी एका पद्धतीचे प्रमाणपत्र लागते. म्हणून ओळखीच्या शेतकऱ्याच्या शब्दावर विश्वास असला, तरी दुकानदाराने त्याच्या मालाच्या पाटीवर गावाचे नाव लिहावे, लागवडीची माहिती द्यावी आणि तेवढ्यावर थांबावे. अनेक दुकानांत असे होत नाही, आणि त्यामुळे खरोखर प्रमाणपत्र मिळवणाऱ्याचे नुकसान होते.

ते प्रमाणपत्र सोपेही नाही. हंगामी पिकांसाठी जमिनीला साधारण २ वर्षांचा आणि फळझाडांसाठी ३ वर्षांचा रूपांतर काळ, म्हणजे रासायनिक शेतीतून सेंद्रियकडे वळण्याचा काळ, लागतो. आपल्याकडे जमिनीचे तुकडे लहान, शेजारी ऊस, त्यावरच्या तणनाशकाचा फवारा वाऱ्याने बांध ओलांडतो. या काळात उत्पादन घटते आणि सेंद्रियचा भावही मिळत नाही. पीजीएस पद्धतीत शेतकऱ्यांचा गट एकमेकांच्या शेतांची पाहणी करून हमी देतो, त्यामुळे एकेकट्याच्या डोक्यावरचा खर्च बराच उतरतो. अशा गटांचा रूपांतर काळातील माल दुकानदारांनी थोडा वाढीव भाव देऊन, रूपांतर काळातील असे स्पष्ट लिहून विकावा. मी तसा घ्यायला तयार आहे. मात्र असे गट कोणत्या गावांत आहेत, याची यादी दुकानदाराला सहज मिळत नाही. कृषी विभागाने ती तालुकानिहाय प्रसिद्ध करावी आणि बाजार समितीने मार्केट यार्डात या गटांच्या मालासाठी वेगळी जागा राखून ठेवावी, अशी माझी आपल्या दैनिकामार्फत विनंती आहे.

आपला,
एक किराणा दुकानदार,
शाहूपुरी, कोल्हापूर