फिटरच होता तो

बेळगाव, १७ डिसेंबर

ती. आई-बाबांस,
सा. न.

काल आजोळी जाऊन आले. आई, तुझ्या शाळेसमोर हवाई दलातल्या त्या मुलाचा स्मृतिफलक बसवलाय, त्याचं अनावरण होतं. १६ डिसेंबर, विजय दिवस, म्हणून कालचा दिवस धरला. वेळ साडेदहाची, पाहुणे आले साडेबाराला. मळणी टाकून आलेली माणसं नुसती ताटकळली.

घरटी एक माणूस ‘मराठा’ पलटणीत असलेलं आपलं गाव, हवाई दलात गेलेला हा एकटाच. म्हाताऱ्या जवानांनी त्याच्यासाठीही आपलीच घोषणा दिली, ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!’

फलक काळ्या दगडाचा. वर कन्नड, खाली मराठी, अक्षरं सारख्याच मापाची. त्यावरून कुणी भांडलं नाही, हेही कळवून ठेवते. त्याखाली हवाई दलाचं ब्रीद, ‘नभःस्पृशं दीप्तम्’. आई, तुझ्या गीतेच्या अकराव्या अध्यायातलंच की ते! शेजारी विमान कोरलंय, पुढे पंखा असलेलं. १९७१ च्या जेट विमानांना कुठला पंखा? बाबा, तुम्ही हसला असता.

भाषणांत त्याला जो तो पायलट करत होता. तिसऱ्या वक्त्यापर्यंत त्यानं शत्रूची दोन विमानं पाडलीसुद्धा. मग दोरी ओढायला त्याच्या बहिणीला बोलावलं. ऐंशीच्या पुढची, नऊवारीतली. दोरी अडकली, तिनं सरळ हातानं पडदा खेचला आणि माइकसमोर म्हणाली, “त्यो काय इमान उडवत नव्हता. इमान नीट करत हुता. फिटर हुता त्यो.” मांडव गप्प.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाकिस्ताननं अमृतसर, पठाणकोट, श्रीनगर अशा तळांवर बॉम्ब टाकले, तेव्हापासून ही पोरं रात्रंदिवस राबत होती. उतरलेलं विमान तपासायचं, इंधन-दारूगोळा भरायचा, पुन्हा वर पाठवायचं. तो गेला तेही विमानाखाली काम करतानाच. बहीण सांगत होती, रजेवर आला की गावातली बंद पडलेली ऑइल इंजिनं त्याच्या दारात रांगेनं उभी राहायची. बाबा, मला रविवारचं आपलं अंगण आठवलं. उद्यमबागेतून आठवडाभर दमून आलेले तुम्ही, आणि शेजाऱ्यांचे पंप.

तिनं फडक्यात गुंडाळून त्याचा पाना आणला होता. १४-१५ चा. फुलांबरोबर तोही फलकाखाली ठेवला. पाहुणे मोटारीत बसले तशी वाकून उचलला, पदरानं पुसला आणि परत फडक्यात बांधला. मी विचारलं, “राहू दे की आज्जी इथंच.” म्हणाली, “गंजंल हितं.”

तुमची हत्यारं माझ्याकडेच आहेत बाबा, माळ्यावरच्या पेटीत. काल रात्री काढली. १६-१७ चा सापडत नाही, पुण्याला नेलात का? बाकीच्यांना तेल लावून ठेवलंय.

आई, गुडघ्याला तेल चोळतेस ना? संक्रांतीला येते.

तुमची,
माई