दादाही येतोय, बापूही येतोय

प्रिय सुमे,

दादाचा फोन आला. आईच्या 75 व्या वाढदिवसाला येतोय म्हणाला, वर "येताना काही आणू का?" असंही विचारलं. त्या "काही आणू का"चा अर्थ तुझ्याशिवाय कुणाला कळणार? म्हणून ताईच्याही आधी तुला लिहितेय. बापूनेही होकार कळवलाय. घराच्या त्या प्रकरणानंतर दोघं पहिल्यांदाच एका छपराखाली.

मी बरी आहे. गुडघा आहे तसाच आहे.

माणसं होतील चोवीस. ताईचं म्हणणं, जेवण झकास झालं की झालं. मला नाही पटत. नुसतं वाढून ठेवलं की माणूस ताट घेतो, ओळखीचा कोपरा धरतो आणि हात धुवायलाच उठतो. दादा एका टोकाला, बापू दुसऱ्या टोकाला आणि आईची नजर दोघांत हेलपाटे घालतेय, हे चित्र मला रात्री झोपू देत नाही. म्हणून सगळ्यांच्या हाताला काम द्यायचं ठरवलंय. एका टेबलाशी राबणारी माणसं निदान "तो चमचा इकडे दे" एवढं तरी बोलतात.

तर पिझ्झा, आणि तो पाहुण्यांनीच करायचा. ओव्हनच्या दोन जाळ्यांवर मिळून दोन बसतात. 250 अंशांवर, मध्ये जाळ्यांची अदलाबदल धरून 12 मिनिटं, म्हणजे तासाला दहा. माणशी एक म्हटलं तर शेवटचा पाहुणा अडीच तास उपाशी! मग सुचलं, दोघांत एक. पीठ दोघांनी मिळून ताणायचं, वरचं ज्याचं त्याने आपल्या अर्ध्यावर घालायचं. 250 ग्रॅमच्या गोळ्याचा साधारण 30 सेंटीमीटरचा होतो आणि सव्वा तासात सगळे उरकतात. पीठ आदल्या रात्री मळून फ्रिजमध्ये, तासभर आधी बाहेर. ताणताना ते मागे मागे येत असेल तर ओढाताण करायची नाही, फाटतं. झाकून दहा मिनिटं सोडून द्यायचं, मग आपणहून ऐकतं. मशरूम मात्र आधी परतून ठेवणार, नाहीतर पाणी सुटून मधल्या भागाचा गिचका होतो. तोवर पोटाला आधार म्हणून गरम सूप आणि पॉपकॉर्न. टेबल भिंतीपासून ओढून घेतेय, म्हणजे दोन्ही बाजूंनी उभं राहता येईल आणि माणसं समोरासमोर येतील. मिनूला शेंगदाणा चालत नाही, तेव्हा तो टेबलावर नाहीच. चॉकलेटसुद्धा पाकिटावरचं वाचूनच आणणार.

खेळांवरून आपलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि मी अजूनही माझ्याच बाजूला आहे. तुझ्या त्या पार्टीत नंदूला मधोमध ओढून नाचायला लावलंस. तो नंतर जिन्यात जाऊन बसला, आणि त्याला शोधायला पाठवलंस कुणाला? मलाच! लाजऱ्या माणसाला उजेडात उभं केलं की तो खुलत नाही, मिटतो. मी फोटोंचा खेळ ठेवतेय. भिंतीवर सगळ्यांचे लहानपणीचे फोटो, खाली आकडे, हातात कागद, कोण कुठला ते ओळखायचं. पोरांना उत्तरं येणारच नाहीत, त्यांना मोठ्यांना विचारत फिरावं लागेल. एक फोटो तुला आठवेल. सायकलच्या दांडीवर बापू, अंगात दादाचा शर्ट, बाह्या पार बोटांच्या पुढे लोंबतायत आणि एका बाहीचं टोक दादाने हँडलबरोबर मुठीत धरलंय, पोरगं घसरू नये म्हणून. तो मी आईच्या खुर्चीसमोर लावणार आहे.

घोडं अडलंय ते जोड्यांवर. खऱ्या चिठ्ठ्या टाकल्या तर ते दोघं एकत्र यायची शक्यता 23 मध्ये एक. मी लबाडी केली तर दादा ओळखणार. पत्त्यांत तुझी चोरी कशी पकडायचा, आठवतंय ना? आणि ओळखलं की पाय आपटत निघून जाणार. तिसरा मार्ग म्हणजे दोघांना जोडीतून वगळून ओव्हनवरच नेमायचं. दादाने आत सरकवायचे, बापूने बाहेर काढून कापायचे. दार उघडायच्या आधी एकमेकांना सांगावं तर लागेलच, नाहीतर हात भाजेल. माझा कल इकडे आहे. पण बापूला ते हुकूम सोडल्यासारखं वाटलं तर? तो नुसता "हो" म्हणतो आणि आत धुमसत राहतो. तू दोघांनाही माझ्याइतकंच ओळखतेस, किंबहुना बापूला जास्तच.

तुझ्या बदलीचं काय झालं? लेकीचा निकाल लागला का? घरी सगळ्यांना नमस्कार सांग.

चिठ्ठ्या की ओव्हन, एवढं गुरुवारच्या आत नक्की कळव. शुक्रवारी रात्री पीठ मळायचंय आणि चिठ्ठ्या करायच्या असतील तर त्याही तेव्हाच.

तुझी,
मालू

ता. क. : आणि दादाला काय आणायला सांगू? "काही नको" म्हणायचं नाही, एवढं ठरलंय.