कुंडीतल्या मातीत बोट घालून पाहा

महोदय,

सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या वर जातो आणि नळाला काही दिवसांआड पाणी येते. अशा गावात घरात कुंड्या बाळगणे म्हणजे निव्वळ चैन, असे मला निवृत्त होईपर्यंत वाटत असे. तीन वर्षांपूर्वी मुलीने सासरी जाताना एक मनीप्लांट आणि एक स्नेक प्लांट माझ्या स्वाधीन केले, आणि रोज नेमाने पाणी घालून मी महिन्याभरात स्नेक प्लांटची मुळे कुजवली. जाड पानांत पाणी साठवणारी, पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडून बाष्प वाचवणारी ही वनस्पती माती पूर्ण वाळल्याशिवाय पाणी मागतच नाही, हे नंतर समजले. नोकरीत हाताखालच्या माणसांना सूचनांवर सूचना देत आलेल्या मला ही समज जरा झोंबलीच.

आता वर्तमानपत्र उघडण्याआधी मी मातीत बोट घालून पाहतो, आणि तांदूळ धुतलेले पाणी मोरीऐवजी कुंडीत जाते. घरातील झाडे हवा शुद्ध करतात, असा प्रचार ‘नासा’च्या 1989च्या अहवालाच्या आधारे होत असतो, मात्र ते प्रयोग बंदिस्त पेट्यांत झाले होते, आणि खिडक्या उघड्या असलेल्या घरात दोन-चार कुंड्यांनी हवेत फारसा फरक पडत नाही. मला त्या फायद्याची गरजही वाटत नाही. पाण्यात ठेवलेल्या मनीप्लांटच्या पेराला पांढरे मूळ फुटले, की मी शेजाऱ्यांना हाक मारतो. आमच्या जिन्यातील तीन घरांत त्याच वेलाच्या कांड्या आता वाढत आहेत.

– एक वाचक, सोलापूर