जाडी कडेची नको, दगडाची सांगा

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत घरसजावटीवर पुष्कळ छापून येते. सिंटर्ड स्टोनच्या, म्हणजे भट्टीत भाजून केलेल्या दगडाच्या, टेबलांच्या जाहिरातीही त्याच पानांवर असतात. त्यांत रंग असतो, शिरांची नक्षी असते, हप्त्याची रक्कम असते. दगड किती जाड आहे तेवढे नसते. आमच्या घरी त्यापायी काय झाले ते सांगते.

गेल्या वर्षी आम्ही ६ बाय ३ फुटांचे जेवणाचे टेबल घेतले. पांढऱ्यावर करड्या शिरा, कड चांगली दीड इंच जाड. दुकानदाराने कडेवर हात ठेवून सांगितले, "काकू, ४० एमएम आहे, काही होत नाही याला." संक्रांतीच्या आधी गुळाची ५ किलोची ढेप मी टेबलाच्या मधोमध ठेवली. जरा जोरात टेकली असेल. खट्‌कन आवाज आला आणि मधून थेट कडेपर्यंत तडा गेला. तुकडा उचलून पाहिला तर दगड फक्त ६ एमएमचा, म्हणजे सुताराच्या भाषेत दोन सूत. चारी बाजूंनी त्याच दगडाच्या पट्ट्या ४५ अंशांत कापून चिकटवलेल्या, म्हणून कड जाड दिसत होती. खाली लोखंडी पाइपची नुसती चौकट. मधे ना आडवी पट्टी, ना प्लाय.

४५ अंशांचा जोड ही फसवणूक नव्हे, ती कारागिरी आहे आणि चांगल्या हातची असली तर सुंदरच दिसते. राग येतो तो कडेची जाडी दगडाची म्हणून सांगण्याचा. मी तीस वर्षे तंत्रनिकेतनात अप्लाइड मेकॅनिक्स शिकवले. लादीची जाडी दुप्पट केली की ती मोडायला चौपट भार लागतो आणि त्याच भाराखाली ती आठपट कमी वाकते, हे दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवत असे. म्हणजे ६ आणि १२ एमएममध्ये फरक दुपटीचा नाही. शिवाय हा दगड पोलादासारखा आधी वाकून इशारा देत नाही. माती, फेल्डस्पार, सिलिका यांचे मिश्रण प्रचंड दाबाखाली दाबून साधारण १२०० अंश सेल्सिअसला भाजले की तो तयार होतो. कडक असतो, पण ठिसूळ. जातो तेव्हा एकदम जातो.

वजनावरूनही ओळखता येते. १२ एमएमचा दगड चौरस मीटरला जवळपास ३० किलो भरतो. आमच्या टेबलाएवढा दगड १२ एमएमचा असता तर ५० किलोंच्या आसपास, २० एमएमचा ८० किलोंच्या वर, आणि खरोखर ४० एमएमचा असता तर १६० किलोंच्या पुढे गेला असता. आमचे टेबल दोन पोरांनी हसत-बोलत दुसऱ्या मजल्यावर आणले होते.

मग ६ एमएम घेऊच नये का? घ्यावा, पण तो स्वतःच्या बळावर भार पेलणारा नाही, पांघरुणासारखा आहे. खाली १८ एमएमचा चांगला प्लाय सलग हवा आणि चिकटवण सगळीकडे पसरलेले हवे. लाडवासारखे चार गोळे ठेवून वर दगड दाबला तर मधल्या पोकळ जागा तशाच राहतात. नाण्याने टकटक करून पाहा, पोकळ जागी आवाज लगेच बदलतो. पावसाळ्यात प्लाय दमट होऊन फुगतो, दगड फुगत नाही. म्हणून थोडे ताण सोसणारे, रबरासारखे राहणारे चिकटवण वापरावे. कोकणातल्या घरांत तर नक्कीच. मागे जाळी लावलेली आहे म्हणून दगड पक्का, असेही सांगतात. ती जाळी फुटलेले तुकडे धरून ठेवते, फुटणे थांबवत नाही.

घरच्या जेवणाच्या टेबलाला माझ्या मते १२ एमएम योग्य. त्यालाही खाली आडव्या पट्ट्या हव्यातच, आणि चौकटीबाहेर दगड चार-सहा इंचांपेक्षा जास्त लोंबता ठेवू नये. कोणीतरी कोपऱ्यावर रेलतेच. २० एमएम मला ओट्याला पटतो, कारण तिथे सिंकसाठी भोक पाडावे लागते आणि पातेली, कुकर कडेवर आपटत राहतात. भोकाचे कोपरे मात्र गोलसर कापून घ्या. काटकोनी कोपऱ्यातून तडा सुरू होतो. टेबलासाठी २० एमएमचा आग्रह धरणाऱ्यांनी टेबलाच्या पायांचा आणि जागा बदलताना उचलणाऱ्यांचा विचार करावा. आणि जाड दगडावर ओरखडे कमी पडतात, हळदीचा डाग बसत नाही, हा समज चुकीचा आहे. पृष्ठभाग तोच असतो. जाडीने तो बदलत नाही.

दगड कापणाऱ्या मुलांविषयीही लिहायलाच हवे. रेझिनमध्ये बांधलेल्या कृत्रिम दगडावर ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून बंदी घातली, कारण त्याच्या धुळीतल्या सिलिकाने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होत होता. सिंटर्ड स्टोन त्या बंदीत नाही, पण सिलिका यातही असते. आपल्याकडे इमारतीच्या जिन्यात कोरडे कटर चालवतात आणि नाकाला रुमाल बांधतात. रुमालाने ती बारीक धूळ अडत नाही. पाणी सोडूनच कापा, असे गिऱ्हाइकाने ठणकावून सांगितले पाहिजे. मापे आधी नीट दिली तर घरी कापायची वेळही येत नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने मालाची गुणवत्ता, प्रमाण आणि दर्जा जाणून घेण्याचा हक्क आपल्याला दिला आहे. माझ्या बिलावर मात्र 'डायनिंग टेबल, मार्बल लुक, १ नग' एवढेच होते, त्यामुळे तक्रार करायला हातात काही उरले नाही. बिलावर तीन गोष्टी लिहून घ्याव्यात असे मी प्रत्येकाला सांगते: दगडाची खरी जाडी, कडेची दिसणारी जाडी, आणि खाली काय आहे. दुकानदार लिहून देत नसेल तर टेबलाखाली वाकून बघावे आणि तिथेच टेपने जाडी मोजावी.

आपल्या पुरवणीच्या जाहिरात विभागानेही टेबलाच्या किमतीशेजारी दगडाची जाडी छापण्याचा आग्रह धरावा, ही विनंती. एका ओळीत मावणारा मजकूर आहे.

आमच्या जुन्या चौकटीला गल्लीतल्या फॅब्रिकेटरकडून तीन आडव्या पट्ट्या मारून घेतल्या आणि वर १२ एमएमचा दगड बसवला. त्याची कड अर्धा इंचच दिसते. ती तशीच ठेवली आहे.

आपली,
एक निवृत्त अध्यापिका, सातारा