नातीच्या शाळेची पूर्वपीठिका

अमळनेर, १८ जानेवारी

प्रिय मंदा,

बरं शे ना? तुझं पत्र भोगीच्या दिवशी हाती पडलं. नात कॅथलिक चर्चच्या शाळेत जाते हे वाचून हसू आलं. धुळ्याला डी.एड. करताना तूच म्हणायचीस ना, 'माझी पोरं जिल्हा परिषदेच्याच शाळेत जातील'! आता कोपऱ्यावर फुकट सरकारी शाळा असताना लेक-जावई फी भरताहेत, आणि तू मला विचारतेस, चर्चला शाळेची ही उठाठेव कशाला? अगं, तू ज्या फिलाडेल्फियात बसून हे विचारतेस, तिथेच यावरून दंगल झाली होती.

१८४४ सालची गोष्ट. सरकारी शाळांत रोज बायबल वाचायचे, पण ते प्रॉटेस्टंटांचं; कॅथलिक हा ख्रिस्ती लोकांतला दुसरा पंथ, त्यांचं बायबल वेगळं. तिथल्या कॅथलिकांचे मुख्य धर्मगुरू, बिशप केनरिक, यांचं मागणं एवढंच, की कॅथलिक मुलांना त्यांचं बायबल वाचू द्या. 'हे शाळेतून बायबलच काढायला निघालेत' अशी आवई उठली. कॅथलिक आयरिश लोकांच्या वस्तीत गोळ्या चालल्या, माणसं मेली, सेंट मायकल आणि सेंट ऑगस्टिन ही दोन चर्चं जाळली. मग आपल्या मुलांसाठी आपलीच शाळा, हा विचार पक्का होत गेला. १८५२ मध्ये जॉन न्यूमन तिथे बिशप झाले, मूळचे बोहेमियाचे. त्यांनी चर्चांच्या सुट्या सुट्या शाळा एका मंडळाखाली आणल्या. अमेरिकेतली अशी ती पहिलीच व्यवस्था मानतात. त्यांचा देह तिथल्या सेंट पीटर चर्चमध्ये वेदीखाली आहे, लेकीला म्हणावं एका रविवारी दाखव. पुढे १८८४ मध्ये देशभरचे बिशप बाल्टिमोरला जमले आणि फर्मान निघालं, की दोन वर्षांत प्रत्येक चर्चजवळ शाळा झालीच पाहिजे. सगळीकडे काही झाली नाही. फर्मानं तिकडचीही आपल्यासारखीच! ओरेगॉन राज्याने तर १९२२ मध्ये सगळ्या मुलांना सरकारी शाळेची सक्ती केली. म्हणजे चर्चच्या शाळा बंदच पडणार. त्या चालवणाऱ्या नन्स कोर्टात गेल्या आणि १९२५ मध्ये सुप्रीम कोर्टात जिंकल्या.

पण मी पडले आयुष्यभर पगारबिलं भरलेली बाई. मला एकच कोडं होतं. गिरणी-गोदीतले मजूर, नुकते बोटीतून उतरलेले आयरिश, पोलिश, इटालियन. यांना शाळा परवडली कशी? विटा एकवेळ वर्गणीतून येतील, पण मास्तरांचा पगार? त्याचं उत्तर नन्स. त्यांनी गरिबीचं व्रत घेतलेलं. नाममात्र मानधन, तेही मठाच्या पेटीत जायचं, आणि समोर साठ-साठ पोरांचा वर्ग. १९५० च्या सुमाराला दर दहा शिक्षकांत नऊ जण असे व्रतस्थ होते. भुसावळला रेल्वे क्वार्टरमध्ये असताना आमच्या सिस्टर सगळ्या वर्गाच्या वह्या रात्रीत तपासून आणायच्या, हे पाहिलं होतं. त्यांना काय मिळत असेल हा प्रश्न मात्र कुणाच्या घरात निघाला नाही.

१९६० नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेत या शाळांमधून ५२ लाखांवर मुलं शिकत होती. मग नन्स कमी होत गेल्या, त्यांच्या जागी घरसंसार असलेल्या बाया आल्या, आणि घरभाडं देणाऱ्या बाईला पगार लागतोच. फी चढली, कुटुंबं उपनगरांत गेली, वर्ग ओस पडले. पेनसिल्व्हेनिया सरकारने १९६८ मध्ये कायदा करून पगाराचा काही भाग उचलला, तर १९७१ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो घटनाबाह्य ठरवला, धर्म आणि सरकार वेगळे म्हणून. आपल्याकडे बघ, राज्यघटनेच्या कलम ३० प्रमाणे अल्पसंख्याकांची शाळा आहे म्हणून अनुदानात भेदभाव करता येत नाही. २०१२ च्या जानेवारीत तुमच्या शहरात आणि आसपास चाळीसहून जास्त प्राथमिक शाळा बंद किंवा एकत्र करायची शिफारस झाली. आज व्रतस्थ शिक्षक शंभरात तीनही नाहीत.

म्हणून जावयांना म्हणावं, तुम्ही भरता ती फी म्हणजे त्या नन्सनी पूर्वी न घेतलेला पगार.

आमच्याकडे याचीच उलटी तऱ्हा. भाचेसून विनाअनुदानित शाळेत कितीतरी वर्षं अनुदानाची वाट बघत शिकवतेय, रात्री ब्लाउज शिवते. सरकारी शिक्षणसेवकाला २००० साली महिना ३,००० रुपये ठरवले होते, ते तरी हातात पडायचे. हिच्या संस्थाचालकाचं भाषण मात्र साने गुरुजींच्या त्यागाशिवाय पुरं होत नाही. गुरुजी १९२४ ते १९३० इथे शिकवत होते; त्यांचा त्याग त्यांनी स्वतः निवडला होता, सिस्टरांनीही. हिला कोणी विचारलं?

बाकी थंडी चांगली आहे, भरीत रोज होतंय, कळण्याच्या भाकरीबरोबर तुझी आठवण निघते. नातीच्या बाईंना पगार किती, हे जरा काढून कळव. समोरासमोर विचारू नकोस हं, तिकडे म्हणे तसं विचारत नाहीत.

तुझी,
कुसुम